सत्तरीतील वीरगळांची नोंदणी : गावातील स्वयंसेवकांसह चाललेल्या कामाची टिपणे

गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एका गावात आणि त्याच्या वाड्यांवर विखुरलेल्या वीरगळांची (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची), सतीशिळांची व भग्न मूर्तींची नोंद घेण्याचे हे काम गावातील स्वयंसेवक आणि पुरातत्त्वाचे रीतसर शिक्षण घेतलेले आम्ही दोघे असे मिळून करीत आहोत. आपल्या गावात असे काम हाती घेऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा, यासाठी ही टिपणे ठेवली आहेत. गावाचे व वाड्यांचे नाव आणि सर्वे नंबर मुद्दाम गाळले आहेत, कारण वीरगळाखाली धन पुरलेले असते ही समजूत अजून गेलेली नाही आणि मूर्तिचोरांना आयता पत्ता मिळू नये.

१० नोव्हेंबर २०२४

पंचायतीचा ना हरकत दाखला आज हाती आला. त्याआधी देवस्थान समितीची संमती घेतली होती, आणि हाच क्रम इतरांनीही ठेवावा असे सुचवावेसे वाटते. बहुतेक शिळा देवळाच्या आवारात, राखणदाराच्या म्हणजे गावरक्षक देवाच्या जागी किंवा कुळागराच्या (पोफळीच्या बागायतीच्या) बांधाला टेकवलेल्या आहेत; आपण त्यांना पुरावशेष म्हणत असलो तरी गावाच्या लेखी त्या पूजेतल्या आहेत. समितीने देवाचा कौल घेतल्याशिवाय होकार देता येणार नाही असे स्पष्ट सांगितले. प्रसाद लावला गेला आणि एक जागा सोडून बाकी सर्व ठिकाणी कौल मिळाला. ती एक जागा आम्ही कामातून वगळली असून नोंदवहीत तिच्यापुढे फक्त ‘संमती नाही’ एवढेच लिहिले आहे. काही सहकाऱ्यांना ही उणीव खटकली, पण संमतीशिवाय घेतलेली नोंद पूर्ण असली तरी ती पुढच्या सगळ्या कामाचा विश्वास घालवते.

कायद्याची माहिती परवानग्यांच्या टप्प्यावरच सर्वांना द्यावी. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार जागा संरक्षित नसली तरी केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीविना राज्य सरकारलाही तेथे उत्खनन करता येत नाही आणि दुसऱ्या कोणाला करू देता येत नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची वस्तू सापडली तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. या तीन वाक्यांचा कागद मराठीत छापून शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर लावला.

काही शिळा १९९९ मध्ये अधिसूचित झालेल्या म्हादई अभयारण्याच्या हद्दीत येतात. त्यांच्यासाठी वन खात्याकडे वेगळा अर्ज केला आहे. उत्तर येईपर्यंत त्या बाजूला कोणी जायचे नाही.

१७ नोव्हेंबर २०२४

शाळेच्या वर्गात स्वयंसेवकांची पहिली बैठक झाली. प्राथमिक शाळेतील एक शिक्षिका, एक निवृत्त पोस्टमन, कॉलेजात शिकणारी मुलेमुली, कुळागर सांभाळणारे दोघे भाऊ आणि स्वयंसाहाय्य गटातील काही महिला अशी मंडळी जमली होती.

आम्ही एका पानाचे संमतिपत्र तयार करून नेले होते. ब्रिटनमधील पुरातत्त्वज्ञांच्या ज्या व्यावसायिक संस्थेला २०१४ मध्ये राजसनद मिळाली, तिच्या आचारसंहितेतील दोन नियम त्यासाठी आधाराला घेतले होते : ज्या कामाची पुरेशी पात्रता नाही ते काम अंगावर घेऊ नये, आणि कामाचे निष्कर्ष विनाविलंब इतरांना उपलब्ध करून द्यावेत. तिसरा नियम आमचा आहे. मोजणीदार, चित्रकार यांसारख्या ज्या कामाला बाजारात मोबदला मिळतो, ते काम स्वयंसेवकाकडून फुकट करून घ्यायचे नाही. स्वयंसेवक म्हणजे बिनपगारी मजूर अशी समजूत करून घेतलेले प्रकल्प दुसऱ्या हंगामापर्यंत टिकत नाहीत, आणि टिकूही नयेत.

कॉलेजच्या एका मुलाने विचारले, ‘‘तुमच्याकडे पदवी आहे आणि आम्हांला गाव ठाऊक आहे, मग निर्णय तुमचाच का?’’ संपूर्ण बैठक या प्रश्नावर गेली आणि ते योग्यच झाले. पूर्वी बनवलेले संमतिपत्र बाजूला ठेवून फळ्यावर दोन रकाने आखले. कोणत्या जागी जायचे, तेथे केव्हा जाऊ नये, शिळेचे गावातले नाव काय लिहायचे आणि कोणते छायाचित्र प्रसिद्ध करायचे हे गाव ठरवील. मोजमाप कसे घ्यायचे, शिळेला काय लावू नये, नोंदी कशा जपायच्या आणि कोणते काम थांबवायचे हे आम्ही ठरवू. शिळेचा अर्थ लावण्याचा अधिकार दोघांनाही आहे. मात्र तो लावणाऱ्याचे नाव त्यापुढे असले पाहिजे.

कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथील जांभ्यावर कोरलेली चित्रे १९९३ मध्ये अभ्यासकांपर्यंत पोहोचली ती गावकऱ्यांनी माहिती दिल्यामुळे, याची आठवण बैठकीत करून दिली. गावाला जे आधीपासून ठाऊक असते त्याला पुढे ‘शोध’ म्हटले जाते. आमच्या कागदपत्रांत हा शब्द वापरायचा नाही असे सर्वानुमते ठरले.

१ डिसेंबर २०२४

सकाळचा वेळ सुरक्षिततेच्या माहितीत गेला. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत आणि कोरड्या दिवसांत रानात वावरताना गोचीड चावण्याचा धोका अधिक असतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बूट व विजारीवर ओढलेले मोजे, गोचीड प्रतिबंधक तेल, पाल्यावर न बसणे आणि घरी गेल्यावर लगेच आंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाकणे हे नियम लेखी दिले. कोणाला ताप आला तर त्याने आपण रानात काम केले होते हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, हे दोनदा वाचून दाखवले. सर्वांचा समूह अपघात विमा काढला असून त्याला ३,२०० रुपये लागले. या खर्चावर प्रश्न विचारणारे प्रत्येक ठिकाणी भेटतील, पण विम्याविना स्वयंसेवकाला डोंगरात नेऊ नये.

दुपारी देवळामागच्या एका सुट्या शिळेवर सराव घेतला. वीरगळ खालून वर वाचायचा असतो : तळच्या चौकटीत लढाई, तिच्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगापुढे बसलेला वीर आणि माथ्यावर कलश किंवा चंद्रसूर्य. सतीशिळेवर कोपरात वाकलेला हात, उघडा तळवा आणि मनगटावरच्या बांगड्या दिसतात. स्वयंसाहाय्य गटातील एका मावशींनी बांगड्या बोटाने मोजल्या आणि त्यांच्यात दोन जाड व बाकी बारीक असल्याचे दाखवून दिले. आमच्या आधीच्या टिपणात फक्त ‘बांगड्या’ असे होते.

८ डिसेंबर २०२४

प्रत्यक्ष कामाच्या पहिल्याच सकाळी ठरलेल्या शिळेपाशी पोहोचलो तेव्हा ती घासून ठेवलेली दिसली. पाहुणे नोंद घ्यायला येणार म्हणून वाड्यावरच्या दोघांनी आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने शेवाळ काढले होते. शिळा जांभ्याची आहे. मधल्या चौकटीवरून तिरक्या, फिकट, ताज्या रेघा गेल्या होत्या. डावीकडच्या अप्सरेच्या चेहऱ्याचा उंचवटा सपाट झाला होता आणि पायथ्याच्या गवतावर नारिंगी भुकटी पडलेली होती.

पुढचा सगळा वेळ याच शिळेला दिला. ओरखड्यांची जवळून छायाचित्रे काढली, ‘अलीकडील हानी’ असा नवा रकाना नोंदपत्रात घातला आणि त्यात दिनांक, साधन व हानीचे स्वरूप लिहिले. ज्यांनी घासले त्यांची नावे लिहिली नाहीत. ती लिहिली असती तर यापुढे झालेली हानी आमच्यापर्यंत कोणी पोहोचवली नसती. त्या दोघांनाच आम्ही संध्याकाळच्या तिरप्या उन्हात शिळा पुन्हा दाखवली. त्यांनी स्वतः बोट ठेवून कोणती रेघ जुन्या कोरीवकामाची आणि कोणती ब्रशची हे वेगळे काढले. त्यांतील एकाकडे आता वाड्यावरच्या शिळांची देखरेख सोपवली आहे.

‘साफसफाई करू नये’ हा आमचा नियम अपुरा होता, कारण घासणाऱ्यांच्या मते त्यांनी केली ती साफसफाई नव्हती, ती सेवा होती. म्हणून नियम वस्तूंच्या नावांनी पुन्हा लिहिला : तारेचा ब्रश, काथ्या, साबण, खडू, चुना, रंग, तेल आणि पाण्याचा फवारा यांतील काहीही नोंदीसाठी शिळेला लावायचे नाही. आधी छायाचित्र काढून मगच सुटा पाला हाताने बाजूला करायचा. दगडाला चिकटलेले काहीही ओढायचे नाही. पूजेत रोज वाहिले जाणारे तेल व शेंदूर हा मात्र आमच्या अखत्यारीतला विषय नाही आणि त्यावर आम्ही काही बोलत नाही.

२२ डिसेंबर २०२४

आतापर्यंत भरलेली नोंदपत्रे एकत्र तपासली आणि नोंदपत्रच बाद करावे लागले.

त्यात ‘प्रकार’ या रकान्याखेरीज ‘काळ’ आणि ‘राजवंश’ असे दोन रकाने होते. बहुतेक सर्व कागदांवर त्या रकान्यांत ‘कदंबकालीन’ असे लिहिलेले होते. गोव्यात कदंबांची सत्ता दहाव्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत होती, त्यांची राजधानी आधी चंद्रपूर म्हणजे आजचे चांदर आणि पुढे गोपकपट्टण येथे होती, तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर त्यांच्या काळातले आहे, हे शाळेतल्या प्रत्येकाने ऐकलेले असते. समोर जुना दगड आणि हातात ‘काळ’ असा रिकामा रकाना असला की माणूस तेच लिहिणार. परंतु या शिळांवर लेख नाहीत, त्यांतील अनेक मूळ जागेवरून हललेल्या आहेत, आणि वीरगळ उभारण्याची प्रथा एका राजवंशाबरोबर सुरू होऊन त्याच्याबरोबर संपली असे नाही. केवळ शैलीवरून काळ सांगणे हे अभ्यासकालाही जपून करावे लागते.

दोष स्वयंसेवकांचा नाही. जे विचारायला नको ते नोंदपत्राने विचारले होते. रिकामा रकाना माणसाला अस्वस्थ करतो आणि तो अंदाजाने भरला जातो. एकदा भरला की तो अंदाज यादीत जातो, यादीतून स्मरणिकेत जातो आणि पाच वर्षांनी त्याचा आधार म्हणून उल्लेख होतो. स्वयंसेवकांच्या कामाचा दर्जा खालावतो अशी तक्रार व्यावसायिक मंडळी करतात तेव्हा कित्येकदा खालावलेली गोष्ट स्वयंसेवकांना दिलेले साधन असते.

नव्या नोंदपत्रात काळ, राजवंश आणि प्रकार हे तिन्ही रकाने नाहीत. नोंद अशी हवी की जिने शिळा पाहिलेली नाही अशा व्यक्तीलाही तिच्यावर नेमकी शंका घेता यावी. झालेली नोंदपत्रे रद्द केली नाहीत. ती ‘पहिली आवृत्ती’ असा शिक्का मारून जपली आहेत आणि त्या शिळांची नोंद पुन्हा घ्यायची आहे.

५ जानेवारी २०२५

सुट्टीत घरी आलेल्या विद्यार्थ्यांमुळे आज दोन गट करता आले. नवे नोंदपत्र दोन भागांत आहे : ‘दिसते ते’ आणि ‘वाटते ते’. पहिल्या भागात मोजता किंवा बोट ठेवून दाखवता येईल तेवढेच लिहायचे. दुसऱ्या भागात अर्थ, तुलना, ऐकीव गोष्ट आणि शंका यांना मोकळीक आहे, मात्र सांगणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीने लिहायचे.

या विभागणीची परीक्षा पहिल्याच शिळेवर झाली. तळच्या चौकटीत एका गटाला नौका दिसली. गोव्यातील काही वीरगळांवर नौकायुद्धाची दृश्ये खरोखरच कोरलेली आहेत आणि तसे वीरगळ राज्य संग्रहालयातही आहेत, त्यामुळे तर्क वावगा नव्हता. ‘दिसते ते’ या भागात मात्र त्यांनी नियमाप्रमाणे ‘एक आडवी वाकलेली रेषा, तिच्यावर सहा तिरप्या रेषा’ असे लिहिले. संध्याकाळी शिळेच्या एका अंगाने विजेरीचा झोत जवळजवळ समांतर धरला तेव्हा तिरप्या रेषांच्या खाली पावले उमटली. ती वल्ही नव्हती. भाले घेतलेले पायदळ होते आणि आडवी रेषा ही दगडातली भेग होती. ‘वाटते ते’ मधील नौकेचा तर्क खोडलेला नाही, त्याखाली दुसरा अभिप्राय दिनांकासह जोडला आहे.

आणखी दोन सुधारणा लगेच कराव्या लागल्या. ‘डावीकडे’ म्हणजे शिळेच्या डावीकडे की पाहणाऱ्याच्या, यावरून अर्धी वर्णने उलटसुलट झाली होती. आता सर्वत्र ‘पाहणाऱ्याच्या डावीकडे’ असे छापले आहे. उंचीच्या जागी ‘जमिनीवर दिसणारी उंची’ असे केले, कारण शिळा किती पुरलेली आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

गावातल्या नावाचा रकाना सर्वांत वर आहे. वीरगळ म्हणून आम्ही नोंदवलेली एक शिळा गावात राखणदार आहे, तिला दरवर्षी रोट (जाड भाकरीचा नैवेद्य) दिला जातो, आणि ती कोणा मेलेल्या माणसाची आठवण आहे हे म्हणणे वाड्यावर कोणाला पटत नाही. दोन्ही गोष्टी नोंदीत आहेत.

१९ जानेवारी २०२५

छायाचित्रात ठेवायची दहा सेंटिमीटरची काळी-पांढरी पट्टी म्हापशाहून फ्लेक्सवर छापून आणली होती. आज पोस्टमनकाकांनी ती सहज स्टीलच्या पट्टीला लावली, तर नऊ सेंटिमीटर सात मिलिमीटर भरली. छपाईच्या वेळी कागदात बसवण्यासाठी आकार कमी केला गेला होता. छायाचित्रांवरून काढलेली सगळी मापे तेवढ्याने फुगलेली निघाली. पट्टी सगळ्या छायाचित्रांत एकच असल्यामुळे हिशेबाने दुरुस्ती करता आली. तरीही ज्या शिळांजवळ पुन्हा जाणे सोपे होते तेथे मापे फितीने नव्याने घेतली. आता प्रत्येक गटाकडे स्टीलची पट्टी आहे, आणि कोणतीही छापील पट्टी तिच्याशी ताडून, मागे सही करून मगच पिशवीत जाते. वाया गेलेली छपाई ४८० रुपयांची. दुरुस्तीला गेलेला वेळ त्याहून कितीतरी मोलाचा.

२ फेब्रुवारी २०२५

झाडीत मोबाइलवरचे स्थान भरवशाचे नसते. मोकळ्या माळावर चार-पाच मीटरच्या आत येणारी चूक कुळागरात दहा-पंधरा मीटरवर जाते, आणि शेजारच्या दोन शिळांची नकाशावर अदलाबदल झालेली आढळली. उपाय जुनाच आहे : देवळाच्या सभामंडपाचा कोपरा, विहिरीचा कठडा अशा न हलणाऱ्या दोन खुणा धरून प्रत्येक शिळेपर्यंतचे अंतर फितीने मोजायचे आणि हाताने आराखडा काढायचा. हे काम कुळागरवाले भाऊ आमच्यापेक्षा अचूक करतात.

देवळाभोवतालच्या मुख्य समूहासाठी मात्र टोटल स्टेशन हे अंतर व कोन मोजणारे यंत्र घेऊन एका व्यावसायिक मोजणीदाराला बोलावले. दिवसाचे ९,००० रुपये दिले. तिपाई उभी राहताच तासाभरात लोक जमले. सत्तरीत मोकासो म्हणजे पूर्वी इनामात दिलेल्या जमिनींचा प्रश्न जुना आहे, आणि जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसर व्याघ्र क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिल्यापासून मोजणीचे कोणतेही यंत्र दिसले की घर-बागायत जाण्याची भीती मनात येते. ‘‘बाई, हे दगडांचे की जमिनीचे?’’ असे एका आजोबांनी माझ्या सहकारी बाईंना विचारले. काम थांबवून त्यांना यंत्रातून पाहायला दिले, नोंदपत्र वाचून दाखवले आणि त्यात सर्वे नंबर किंवा मालकाचे नाव लिहिण्याचा रकानाच नाही हे दाखवले. ते समोरच्या बांधावर बसून राहिले आणि दुपारनंतर त्यांनीच एक पडकी शिळा दाखवली. यंत्र आणण्याआधी आठवडाभर वाड्यावाड्यांवर सांगणे हा कामाचाच भाग समजावा. तो आम्ही पंचायतीच्या सूचनेवर सोडला होता आणि अर्धा दिवस गेला.

१६ फेब्रुवारी २०२५

काजूच्या बागायतीत हंगामापूर्वीची सफाई चालू असताना एका शिळेचे टोक उघडे पडले. कलश आणि चंद्रकोर तेवढी वर, बाकी सगळी मातीत. आम्ही पोहोचलो तेव्हा भोवती पंधरा-वीस माणसे होती आणि दोघांच्या हातात कुदळी होत्या. खाली लेख असेल, एवढे खोदून पाहिले तर काय बिघडते, असे सगळ्यांचे म्हणणे होते. खरे सांगायचे तर आम्हांलाही तो पाहायचा होता.

खोदकाम न करण्याचे कारण कायद्यापुरते नाही. शिळेभोवतीची माती किती थरांत बसली आहे, तिच्या पायाशी खापर किंवा राख आहे का, ती उभी केली तशीच पुरली गेली की पडून झाकली गेली, ही माहिती एकदाच वाचता येते. कुदळीने शिळा मोकळी होते, पण मातीतले सगळे जाते. हे तेथे उभ्या उभ्या शाळेतल्या शिक्षिकेने समजावून सांगितले, आणि गावच्या माणसाने सांगितल्यामुळे ते ऐकले गेले. उघड्या भागाची छायाचित्रे व मापे घेतली, खुणांपासूनची अंतरे मोजली, संबंधित कार्यालयाला त्याच संध्याकाळी लेखी कळवले आणि पोच घेतली. बागायतीच्या मालकांनी त्या उंचवट्यावर यंत्र फिरवणार नाही असे कबूल केले. त्यांचे काजूच्या दोन झाडांचे उत्पन्न त्यामुळे बुडेल, ते आम्ही देऊ केले तर त्यांनी नाकारले. शिळा आहे तशीच आहे.

२३ मार्च २०२५

शिगमो आणि काजूचा हंगाम यांमुळे काम जवळजवळ थांबले. घरातले सगळे पहाटेपासून काजूत असतात आणि संध्याकाळी काजूची दारू गाळण्याच्या भट्टीवर. वेळापत्रक आखताना फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल हा काळ धरूच नये. मात्र काजू वेचणाऱ्या महिला झाडाखालची प्रत्येक चौरस हात जमीन पाहतात, आणि आमच्या यादीत नसलेल्या शिळांची माहिती त्यांच्याकडूनच मिळाली.

याच दिवसांत एक वाईट घटना घडली. एका शिळेचे छायाचित्र जागेच्या खुणेसह समाजमाध्यमावर फिरले, ‘अज्ञात वीरगळ’ अशा मथळ्याखाली. काही दिवसांतच त्या शिळेच्या मागे हातभर खोल खड्डा आढळला. शिळा बचावली आहे, पण पायथ्याची माती बाहेर काढून उधळलेली होती. पोलिसांत तक्रार दिली, देवस्थानाला कळवले, खड्डा समितीसमोर छायाचित्रे काढून त्याच मातीने भरला. कामाच्या फोनवरील स्थानाची नोंद बंद करणे, छायाचित्र फक्त एकाच व्यक्तीच्या हातून बाहेर जाणे आणि दूरचा डोंगर किंवा ओळखू येणारे झाड चौकटीत नसणे, हे नियम आता संमतिपत्रात घातले आहेत. ते पहिल्या बैठकीतच असायला हवेत.

१३ एप्रिल २०२५

फेरतपासणी. दर दहा शिळांमागे एक चिठ्ठीने निवडली आणि आधीची नोंद न दाखवता वेगळ्या जोडीकडून पुन्हा नोंदवून घेतली. उंची-रुंदीत फरक बहुतेक ठिकाणी एका बोटाच्या आत होता. वर्णनांत मतभेद निघाले ते मुख्यतः ‘बसलेला’ की ‘गुडघे टेकलेला’ यावर. त्यासाठी शिक्षिकेने दोन्ही आसनांची रेखाचित्रे काढून नोंदपत्राच्या मागे छापायला दिली.

आम्ही दोघांनी घेतलेल्या नोंदीही याच चिठ्ठीत होत्या आणि त्यांतल्या एकीत चंद्रसूर्याची बाजू चुकीची निघाली. ती सभेत सगळ्यांसारखीच वाचली गेली. पदवी असलेल्यांच्या नोंदी तपासणीतून वगळल्या तर स्वयंसेवकांसाठी तपासणी ही परीक्षा होऊन बसते.

२५ मे २०२५

पाऊस यंदा मे महिन्यातच आला आणि शेवटच्या वाड्यावरच्या शिळा राहून गेल्या. अभयारण्यातील शिळांचेही काम झालेले नाही.

त्यापूर्वी देवळाच्या सभामंडपात सर्व नोंदी वाचून दाखवल्या. कोणती छायाचित्रे बाहेर द्यायची नाहीत हे समितीने ठरवले. गाभाऱ्यातील मूर्तीची सर्व आणि राखणदाराच्या दोन जागांची. एका वाड्यावरच्या आजींनी त्यांच्या नावावर लिहिलेली हकीकत ऐकून दोन जागी दुरुस्ती सांगितली आणि आपल्या सासूचे नावही लिहा असे सुचवले, कारण गोष्ट तिची होती. ते लिहिले.

८ जून २०२५

नोंदींच्या तीन प्रती झाल्या. स्थानांसह पूर्ण प्रत राज्याच्या पुरातत्त्व खात्याला द्यायची आहे, तशीच एक देवस्थानाच्या कपाटात राहील, आणि स्थाने व वगळलेली छायाचित्रे काढून टाकलेली तिसरी प्रत शाळेच्या वाचनालयात कोणालाही पाहता येईल. संगणकीय प्रती दोन डिस्कवर असून त्या दोन वेगळ्या गावांत ठेवल्या आहेत. डिस्कना ९,६०० रुपये लागले. मोजणीदार, विमा, छपाई, विजेऱ्या, फिती आणि येण्याजाण्याचे भाडे धरून एकूण खर्च चाळीस हजारांच्या आसपास गेला. सर्वांत कमी पैसे नोंदपत्राच्या छपाईवर लागले आणि सर्वांत जास्त वेळ त्याच्याच दुरुस्तीत गेला. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी पहिल्या दहा शिळांनंतर सगळे थांबवून नोंदपत्र तपासावे.

राहिलेल्या शिळांचे काम गवत वाळल्यावर नोव्हेंबरात सुरू होईल. वन खात्याकडे पुन्हा अर्ज दिला आहे. तोपर्यंत वाड्यावाड्यांवर नेमलेले देखरेखकर्ते महिन्यातून एकदा प्रत्येक शिळेपाशी जाऊन छापील पानावर एवढेच भरतील : शिळा जागेवर आहे का, भोवतीची माती उकरलेली दिसते का, नवे काही लावलेले किंवा घासलेले आहे का, आणि पाहणाऱ्याची सही.